फळ्यावरच्या तीन ओळी

आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारी एक फळा आहे. 'उद्या टाकी साफ होणार, पाणी भरून ठेवावे' यापलीकडचं वाङ्मय त्याला ठाऊक नव्हतं. गेल्या गणपतीत मी गंमत म्हणून त्यावर एक हायकू खरडला:

रिमोट कुठे?
अख्खं घर शोधतं
मी त्याच्यावर!

दुसऱ्या दिवशी खाली कुणीतरी लिहिलं होतं:

टीव्हीची सून
दागिन्यांत झोपते
लॉकर नाही?

माझी उभी हयात बँकेत गेली. लॉकरसाठी ताटकळणारी माणसं रोज पाहिलेली. मला हसू आवरेना. मग फळ्यापुढे मंडळी थबकू लागली, खडू कमी पडू लागले.

शेजारच्या प्राध्यापकांना मात्र हे रुचलं नाही. "हायकू म्हणजे निसर्गातला एक क्षण. हा कसला पोरखेळ?"

त्यांचं निम्मं बरोबर आहे. पाच-सात-पाच अशा मापाच्या जपानी हायकूत ऋतूची खूण असते. १९७०च्या दशकात शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला. 'झेंडूची फुले'मधून कवितेची थट्टा करणाऱ्या आचार्य अत्र्यांच्या या कन्या. पण त्यांचा हायकू निसर्गात रमला. जपान्यांनी मात्र त्याच मापात थट्टेलाही जागा दिली. तिचं नाव सेनर्यू. तिथे ऋतू नसला तरी चालतो, माणूस हवा. अठराव्या शतकात एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, कराई सेनर्यू हे परीक्षक सामान्य लोकांनी पाठवलेल्या ओळींतून निवड करत. त्या निवडीचा पहिला संग्रह १७६५ साली निघाला. लिहिणारे निनावी राहिले आणि काव्यप्रकाराला नाव मिळालं ते परीक्षकाचं! पुढे १९८७ साली दाइ-इची लाइफ या विमा कंपनीने नोकरदारांच्या सेनर्यूंची स्पर्धाच सुरू केली. साहेब, पगार, बायको, सगळे त्यात आले.

आमच्या फळ्याने तर एक नियमही आपोआप लावून घेतला. एकदा कुणीतरी तिसऱ्या मजल्यावरच्या भांडणावर तीन ओळी लिहिल्या. संध्याकाळच्या आत त्या पुसल्या गेल्या. दुसऱ्याची उणीदुणी काढणारी ओळ टिकत नाही. आपल्या घरातली खोड सांगणारी टिकते.

याचा प्रत्यय मलाच यायचा होता. माझ्या मोबाइलवरून ही दोन वर्षं कुरकुरत होती आणि मी वाद घालत होतो. एका सकाळी फळ्यावर ओळखीचं अक्षर दिसलं:

मी बोलतेय
हे 'हं हं' म्हणतात
मोबाइलला

सतरा अक्षरांपुढे माझा एकही युक्तिवाद चालेना. आधी हसलो, मग वरमलो. तेव्हापासून जेवताना फोन दुसऱ्या खोलीत असतो. हीच तक्रार चढ्या आवाजात शंभरदा ऐकली होती. पण ती ऐकू आली त्या दिवशी.

मोबाइलवर रोज वीस विनोद आपण पुढे ढकलतो. त्यात आपल्या घरातला एकही नसतो. वाचकहो, आज रविवार आहे. जेवणं उरकली की प्रत्येकाने तीन ओळी लिहाव्यात आणि मोठ्याने वाचाव्यात. माप चुकलं तर चुकू द्या. सुरुवात मात्र स्वतःपासून करावी.

आणि हो, परवा आमचे प्राध्यापक खडू मागून घेऊन गेले आहेत.