निष्ठा खुर्चीशी की शेताशी?

तामिळनाडूच्या कावेरी खोऱ्यातील पापनाशम् हा भातशेतीचा मुलूख. २०१६ साली १२ जूनला मेट्टूर धरणाचे पाणी सुटले नाही. पुढे पावसानेही दगा दिला. १० जानेवारी २०१७ रोजी सारे राज्य दुष्काळग्रस्त जाहीर करावे लागले. या संकटात सत्ताधारी अण्णाद्रमुकचे पुढारी कशात गुंतले होते?

५ डिसेंबर २०१६ रोजी जयललिता निवर्तल्या आणि त्यांच्या वारशावरून शशिकला व पन्नीरसेल्वम यांच्यात जुंपली. आमदारांचा मुक्काम कूवत्तूरच्या रिसॉर्टमध्ये हलला. १४ फेब्रुवारीला बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शशिकलांना दोषी ठरविले. चारच दिवसांनी त्यांच्याच पसंतीच्या पलानीस्वामींनी १२२ विरुद्ध ११ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला! पापनाशमचे आमदार दुरैक्कण्णू कृषिमंत्रिपदी कायम राहिले. सप्टेंबरात याच पक्षाने शशिकलांची नेमणूक रद्द केली. समेट करून परत घेतलेल्या पन्नीरसेल्वमांनाही २०२२ साली हाकलले.

हा केवळ व्यक्तींचा नीचपणा नव्हे. ज्या पक्षाला कार्यक्रम नाही, त्याची निष्ठा व्यक्तीला वाहिलेली असते. व्यक्ती गेली की ती खुर्चीला चिकटते. जून २०२२ मध्ये सुरत-गुवाहाटीची वारी पाहिलेल्या महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको.

मार्च २०१७ मध्ये तमिळ शेतकरी मानवी कवट्या घेऊन दिल्लीच्या जंतरमंतरवर बसले. त्यांना पाणी हवे होते, कर्जमुक्ती हवी होती. कॉम्रेड्स, पुढाऱ्याची निष्ठा जोखायची ती याच मागण्यांच्या कसोटीवर. रिसॉर्टमधील शिरगणतीवर नव्हे!