नादारीचे बंद दार

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही शिकवण मराठी मध्यमवर्गाने पिढ्यान्‌पिढ्या शिरोधार्य मानली, आणि ती योग्यच आहे. परंतु घरातील एखाद्या दीर्घ आजाराने, अकस्मात सुटलेल्या नोकरीने किंवा बुडालेल्या लहानशा धंद्याने अंथरूणच आखूड झाले, तर माणसाने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर शिकवणीत सापडत नाही. ते कायद्याने द्यावयाचे असते. आपल्या संसदेने ते उत्तर २०१६ साली लिहिलेही. दुर्दैव असे की, सामान्य ऋणकोपुरते ते अद्याप कागदावरच राहिले आहे.

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने बुडत्या कंपन्यांसाठी १८० दिवसांची, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर फार तर ३३० दिवसांची मुदत आखून दिली. याच संहितेच्या तिसऱ्या भागात व्यक्तींचाही विचार आहे. ऋणकोने अर्ज करताच वसुलीस तात्पुरती स्थगिती मिळावी, धनकोंच्या संमतीने परतफेडीची योजना ठरावी, आणि ती फसून दिवाळखोरीचा हुकूम झालाच, तर सर्वसाधारणपणे वर्षभरात त्यातून मुक्तता व्हावी, अशी ही व्यवस्था आहे. परंतु १ डिसेंबर २०१९ पासून हा भाग लागू झाला तो केवळ कंपन्यांच्या कर्जास जामीन राहिलेल्यांना. कारकून, शिक्षक, दुकानदार यांच्यासाठी दार बंदच आहे.

त्यांच्या वाट्यास आले आहेत ते परकीय अमदानीतील दोन कायदे. मुंबई शहरात १९०९ चा, तर ठाणे-पुण्यात १९२० चा. पाचशे रुपयांचे देणे असले की नादारीचा अर्ज करता येतो, आणि मुक्त न झालेल्या नादाराने आपली स्थिती न सांगता पन्नास रुपयांची उधारी केली तरी तो गुन्हा ठरतो! ज्या कायद्यांतील रकमा शंभर वर्षांत बदलल्या नाहीत, त्यांची दृष्टी तरी कोठून बदलणार?

नव्या संहितेतही उणीव आहे. अगदी गरीब ऋणकोस कर्जमुक्त करून नवी सुरुवात करू देण्याची तरतूद तीत आहे. पण वार्षिक उत्पन्न साठ हजारांहून, मालमत्ता वीस हजारांहून आणि कर्ज पस्तीस हजारांहून अधिक नसावे, शिवाय स्वतःचे घर नसावे, अशा तिच्या अटी आहेत. महिना पाच हजारांत मुंबईत संसार कोण करतो, आणि त्यास कर्ज कोणती बँक देते? दार उघडताना त्याची चौकटही उंच करावी लागेल.

कर्ज असे सुटू लागले तर बुडवेगिरी माजेल, असा आक्षेप घेतला जाईल. तो क्षुल्लक नाही. लबाडास सवलत नकोच, आणि त्यास वेगळे काढणे हेच न्यायासनाचे काम होय. परंतु धनकोचेही काही दायित्व आहे. क्रेडिट कार्डावरील व्याज तीस टक्क्यांहून अधिक असू नये, हा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. जोखमीची किंमत व्याजात मोजून घेण्यास जो मोकळा आहे, त्याने जोखीम खरी ठरल्यावर तोट्याचा वाटाही उचलावा, यात अन्याय कोणता?

याबाबत महाराष्ट्राचा इतिहास बोलका आहे. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात सावकारांचे कर्जरोखे जळाले. त्यानंतर चारच वर्षांत, १८७९ साली, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. कर्जाचा हिशेब मुळापासून तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयास दिला, हप्ते बांधून देण्याची सोय केली आणि कर्जापायी होणारी शेतकऱ्याची अटक थांबवली. परक्या सरकारास चार वर्षांत जे सुचले, ते स्वकीय सरकारने स्वतःच केलेल्या कायद्याबाबत इतकी वर्षे लांबणीवर टाकावे, हे शोभादायक नाही.

दरम्यान ऋणकोने अंधारात चाचपडू नये. केवळ देणे फेडता येत नाही म्हणून कोणास तुरुंगात धाडता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच स्पष्ट केले आहे. वसुली करणाऱ्यांनी सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे फर्मान आहे. हप्ता थकण्यापूर्वीच बँकेकडे मुदतवाढ लेखी मागावी. जुने देणे फेडण्यास नवे कर्ज मात्र काढू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, संकट घरच्यांपासून लपवू नये.

व्यापार बुडाला तर कंपनीचा हिशेब मिटतो आणि तिचे संचालक पुन्हा उभे राहतात. तीच संधी प्रामाणिक गृहस्थास नाकारणे, ही नीती नव्हे. केंद्र सरकारने संहितेचा तिसरा भाग, त्यातील मर्यादा वाढवून, सर्वांस सत्वर लागू करावा, अशी आमची मागणी आहे. कर्ज फेडणे हा धर्म खराच. पण ते फेडण्यासाठी माणूस आधी उभा राहिला पाहिजे.