स्लॅशच्या बाजूने

माइनक्राफ्टमध्ये कमांड टाइप करणं म्हणजे चीटिंग, असं आमच्या घरात बहुमताने ठरलं आहे. मी अल्पमतात आहे. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लांबलचक लिहिलं की मंडळी अंगठा दाखवून पुढे जातात, म्हणून इथे लिहितोय. (वहिनी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. कृपया शेवटपर्यंत वाचा.)

ज्यांच्या घरात या वयाची मुलं नाहीत त्यांच्यासाठी थोडं आधी. हा गेम स्वीडनच्या मार्कस पर्सनने २००९ मध्ये बनवायला घेतला, २०११ च्या नोव्हेंबरात त्याची पूर्ण आवृत्ती आली, २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली आणि २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटींहून जास्त प्रती खपल्या होत्या. सगळं जग एक मीटरच्या चौकोनी ठोकळ्यांचं. झाड तोडा, दगड फोडा, घर बांधा, रात्र झाली की राक्षसांपासून लपा. दिवस आणि रात्र मिळून २० मिनिटांत संपतात. हे झालं कष्टाचं खेळणं. दुसरा प्रकार 'क्रिएटिव्ह', ज्यात सगळे ठोकळे फुकट. आणि या दोन्हींच्या पलीकडे एक तिसरी वाट आहे. कीबोर्डवरची तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश, दाबायची आणि जगाला हुकूम लिहायचा. '/टाइम सेट डे' लिहिलं की रात्रीची सकाळ. '/वेदर क्लिअर' लिहिलं की पाऊस बंद. (गेममध्ये हे अर्थात इंग्रजीतच टाइप करावं लागतं. उगाच देवनागरीत लिहून बघू नका :-) )

आता घरातलं प्रकरण. पुण्यातली माझी पुतणी, वय १२, आणि न्यू जर्सीतला भाचा, वय १४, यांचा दोघांचा मिळून एक सर्व्हर आहे. पुतणीने त्यात चारेक महिने खपून एक वाडा बांधला. हुकूम न लिहिता, एकेक ठोकळा हाताने ठेवून. चौक, ओसरी, माजघर, मागे विहीर. भाच्याला वाड्यामागची टेकडी सपाट करून तिथे तटबंदी उभी करायची होती. त्याने '/फिल' वापरली. या कमांडला पेटीचे दोन समोरासमोरचे कोपरे सांगायचे आणि आत काय भरायचं ते सांगायचं. त्याने भरायला सांगितली हवा. म्हणजे तेवढ्या जागेत जे काय आहे ते नाहीसं कर. एका कोपऱ्याचा आकडा होता वजा १२. त्याच्याकडून वजाचं चिन्ह राहिलं.

मी नंतर कागद घेऊन गुणाकार केला. त्याला हवी होती ३१ गुणिले १७ गुणिले २९ अशी पेटी. एका चिन्हामुळे २९ चे ५३ झाले, आणि एकूण २७,९३१ ठोकळ्यांची हवा झाली. एका हुकुमात ३२,७६८ ठोकळ्यांपर्यंत मुभा असते, त्यामुळे गेमने हूं की चूं केलं नाही. वाड्याचा मागचा अर्धा भाग, माजघर, स्वयंपाकघर, विहिरीचा कठडा, एका क्षणात गेला. ठोकळे खाली सांडलेसुद्धा नाहीत. आणि केलेलं परत फिरवायची सोय मूळ गेममध्ये नाही.

पुतणी रडली. भाचा गप्प झाला. वहिनींनी दुसऱ्या दिवशी निकाल दिला की कमांड बंद, दोघांनाही, कायमच्या. ताईने तिकडून री ओढली. "आयतं मिळवायची सवय लागते," असं ती म्हणाली. दादाने अंगठा दाखवला.

मला पुतणीचं रडणं समजतं. तो निकाल समजत नाही.

'चीटिंग' या शब्दाला गेम स्वतःच थोडा जबाबदार आहे, हे कबूल. ही सोय चालू करायच्या बटणावर वर्षानुवर्षं 'चीट्स' असंच लिहिलेलं होतं. फोन आणि कन्सोलवरच्या आवृत्तीत तर चीट्स चालू केल्या की त्या जगात अचीव्हमेंट मिळणंच बंद होतं. पण फसवायला समोर कोणीतरी लागतं. पत्त्यात पान लपवलं तर समोरचा फसतो. इथे आपल्याच अंगणात आपण पाऊस थांबवला तर कोण फसलं?

माझ्या मते या हुकुमांच्या दोन जाती आहेत, आणि घरातला सगळा घोळ त्या एकत्र केल्यामुळे झालाय. एक जात मागण्याची. '/गिव्ह' लिहून हिरे मागायचे. २०२१ पासून या जगाची जमीन वजा ६४ पर्यंत खोल गेली आहे आणि हिरे सगळ्यात जास्त तळाशी सापडतात. तिथवर खणत जायचं, वाटेत लाव्हा चुकवायचा, मग ते निळं काहीतरी चमकतं, आणि ती गंमत एका ओळीत संपवून टाकायची. भाच्याने मागे एकदा असे ६४ हिरे मागून घेतले होते. दोन दिवसांत त्याला त्या जगाचा कंटाळा आला. इथे ताईचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. मात्र त्याला फसवणूक म्हणायचं कारण नाही, मुलगा स्वतःचीच मजा घालवून बसला एवढंच.

दुसरी जात सांगण्याची. '/फिल', '/क्लोन' आणि त्यांची भावंडं. यात आयतं काहीच मिळत नाही. आधी आपल्याला नक्की काय हवंय ते ठरवावं लागतं, मग ते कुठून कुठवर हवंय ते. पूर्वेला गेलं की पहिला आकडा वाढतो, दक्षिणेला गेलं की तिसरा, वर चढलं की मधला. पुतणी शाळेत ऋण संख्यांना वैतागलेली असते, पण या जगात उत्तरेकडे चालत राहिलं की आकडे वजात जातात हे तिला कोणी शिकवावं लागलं नाही. एकदा तिने १० पासून २० पर्यंत भिंत घातली आणि ती एक ठोकळा जास्त भरली. "काका, १० ते २० म्हणजे ११ होतात!" हे ती मला एखादी चोरी पकडल्यासारखं सांगत होती. कुंपणाचे खांब मोजताना मोठी माणसंही इथे फसतात.

आणि चुकलं की काय होतं? त्यांच्या संगणकावरच्या जावा आवृत्तीत लाल अक्षरं येतात आणि ओळ जिथे बिघडली तिथे बाण काढून 'इथे' असं दाखवलं जातं. ओरडणं नाही, गुण कापणं नाही. फक्त, इथे. मी नव्वदच्या दशकात डॉस शिकलो तेव्हा 'बॅड कमांड ऑर फाइल नेम' एवढंच तोंडावर फेकलं जायचं, आता तुम्ही शोधा काय बॅड आहे ते. अर्थात डॉसमध्ये एक माणुसकी होती. डिरेक्टरीतल्या सगळ्या फाइली पुसायला सांगितल्या तर ते एकदा विचारायचं, नक्की ना? माइनक्राफ्ट विचारत नाही. '/किल @ई' लिहून बघा (नका लिहू). आपल्याला वाटतं राक्षस मरतील. राक्षस मरतात, गायी मरतात, पाळलेलं मांजर मरतं, गावकरी मरतात, भिंतीवरची चित्रंही जातात, आणि लिहिणाराही मरतो. कारण 'ई' म्हणजे जे जे काही आहे ते सगळं. म्हटलं तसं झालं, मनात होतं तसं नव्हे.

हल्ली ही गोष्ट मुलांना दुसरीकडे कुठे भेटते? आता सगळ्यांकडे एआय आहे. त्याला अर्धवट, चुकीच्या स्पेलिंगचं काहीही लिहा, तो अंदाज बांधतो आणि गोड उत्तर देतो. मीही वापरतो, तक्रार नाही. पण ज्याला आयुष्यभर समोरचा अंदाजच बांधून देणार आहे, त्या मुलाला आपलं बोलणं नेमकं होतं की नाही हे कळणार कसं? वजाचं चिन्ह विसरलं की अर्धा वाडा जातो हे चौदाव्या वर्षी, खोट्या वाड्यावर कळलं, हे मला तरी वाईट वाटत नाही. ज्याचा वाडा होता तिला वाईट वाटलं, आणि ते वेगळं.

त्या वेगळ्याबद्दलच घरात कोणी बोललं नाही. दोष '/फिल'चा नव्हता, वजाच्या चिन्हाचाही फारसा नव्हता. सर्व्हरवर हुकूम लिहायचा अधिकार सगळ्यांना नसतो. ज्याला 'ऑप' केलं असेल त्यालाच तो मिळतो. पुतणीने भाच्याला ऑप केलं कारण तो दादा आहे, त्याने मागितलं. आणि दादाने तिच्या वाड्याला लागून असलेली टेकडी, ती पुण्यात झोपलेली असताना, न विचारता सपाट करायला घेतली. आकडे बरोबर असते तरी मी हेच म्हणालो असतो. टेकडी तिची होती का? दोघांची होती. दोघांच्या जागेवर एकाने जेसीबी घालायचा तर आधी फोन करायचा असतो. आपल्याकडे गावोगावी बांधावरून जे चालतं ते याहून फार निराळं नाही.

दिवाळीतला किल्ला आठवा. बाजारात मिळतो तो प्लास्टरचा तयार किल्ला आणून ठेवणाऱ्याला आम्ही हसायचो. पण फावडं वापरणाऱ्याला कोणी हसलं नाही. हाताने माती उकरली तरच किल्ला खरा, असा नियम कोणी केला नव्हता. भांडणं झाली ती दुसऱ्याच्या बुरुजावर पाय पडल्यावरून.

मी दोघांशी वेगवेगळं बोललो. भाच्याने आपणहून विचारलं, "मामा, मी परत बांधून देऊ का? दगड किती होते ते मला आठवतंय." पुतणीला विचारलं तर ती आधी नाही म्हणाली. मग दोन दिवसांनी तिचा निरोप आला. माजघर आणि विहीर ती स्वतः, हाताने बांधणार. पडवीची फरशी आणि मागची लांब भिंत '/फिल'ने चालेल, पण कमांड ती लिहिणार, आणि एंटर दाबण्याआधी दोघांनी आकडे मोठ्याने वाचायचे. हे नियम तिने चहाच्या डब्याच्या पाठीवर लिहून मला फोटो पाठवला. त्यात शेवटी असंही आहे की दर रविवारी जगाची एक प्रत वेगळी काढून ठेवायची. हे मला सुचलं नव्हतं.

तर वहिनी, शनिवारी आपल्या संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या सकाळी, दोघं बसणार आहेत. सर्व्हरचा पासवर्ड तुमच्याकडे आहे. ऑप पुन्हा चालू करा, निदान तिचं तरी. भाच्याचं तीच ठरवेल.