आकडा ओव्हनचा, खूण पिठाची

नाताळ जवळ आला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत आणि मोबाइलवर केक-बिस्किटांच्या पाककृतींचा पूर येतो. बहुतेक कृती एकाच वाक्यापाशी येऊन थांबतात: ओव्हन १८० अंशांवर तापवून घ्या आणि ३५ मिनिटे भाजा. ज्यांच्याकडे ओव्हन नाही, किंवा आहे पण बंद पडला आहे, त्यांच्यासाठी शेवटी एक ओळ टाकलेली असते, की कुकरमध्येही करून बघता येईल. पंगत उठल्यावर उरलेसुरले वाढावे, तशी ही ओळ. माझा आक्षेप तिलाच आहे. ओव्हनशिवाय भाजणे ही नडलेल्याची तडजोड समजली जाते, कारण पाककृती लिहिणारे यंत्राचा आकडा सांगतात आणि पिठाला नेमके काय हवे, ते सांगायचे राहून जाते. ते सांगितले, तर निम्म्या घरांतली अडचण शेगडीवरच सुटेल.

पिठाच्या गोळ्यात उष्णता काय करते ते पाहा. साधारण ६० ते ८० अंशांच्या दरम्यान पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगतो, प्रथिने आवळतात आणि जाळी पक्की होते. पावाचा गाभा ९५ अंशांच्या आसपास पोचला की पाव शिजला. आत ओल आहे तोवर गाभा १०० अंशांच्या पुढे जात नाही, मग बाहेर ओव्हन २२० वर लावलेला का असेना. म्हणूनच चिनी लोकांचा मांतोऊ हा पाव नुसत्या वाफेवर होतो आणि आतून कुठेही कच्चा राहत नाही. फक्त पांढरा राहतो. तांबूस रंग आणि खरपूस वास हवा असेल तर पृष्ठभाग कोरडा होऊन १४० अंशांच्या वर जावा लागतो. म्हणजे कामे दोन आहेत, आत शिजवणे आणि बाहेर भाजणे. ओव्हन चहूबाजूंनी तापत असल्याने दोन्ही एकदम उरकतो. झाकलेली जाड कढई पहिले काम सहज करते, खालची बाजूही चांगली भाजते. अडते ते वरच्या बाजूपाशी, कारण झाकण पुरेसे तापत नाही आणि त्यावर वाफ जमून पाणी होते.

पण वरून आच देण्याची युक्ती आपल्या स्वयंपाकघराला ठाऊक नव्हती असे थोडेच आहे? कोकणात तवसाचे धोंडस जाड बुडाच्या पातेल्यात व्हायचे. पातेल्यावर ताट आणि ताटात रसरशीत निखारे. सीकेपी घरांतले भानोलेही असेच, वर-खाली विस्तव ठेवून. गोव्यातला बेबिंका तर जवळजवळ वरच्याच आचेचा पदार्थ: एक थर ओतायचा, वरच्या निखाऱ्यांनी तो तांबूस झाला की तूप सोडून पुढचा. बेबिंक्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्याची रीत घडली ती मात्र करवंट्यांच्या निखाऱ्यांवर. विदर्भातले रोडगे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात, खानदेशातले मांडे पालथ्या खापरावर. परदेशातही हेच दिसते. ज्या आयर्लंडचा सोडा ब्रेड आज हौसेने केला जातो, तिथल्या खेड्यांतल्या घरांत तो बिडाच्या झाकणाच्या भांड्यात, झाकणावर पेटते पीट (दलदलीतल्या मातीचे सरपण) ठेवून भाजत. गंमत अशी की आता ओव्हन असलेले लोक पुन्हा भांड्याकडे वळले आहेत. न्यूयॉर्कचे बेकर जिम लेही यांची न मळता करायच्या पावाची कृती २००६ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापली आणि जगभर गेली. तिची सगळी मदार झाकणाच्या जाड भांड्यावर आहे. पिठाचीच वाफ आत कोंडली की वरची कातडी लवकर कडक होत नाही आणि पाव मनासारखा फुलतो. ते भांडे ओव्हनमध्ये ठेवायचे असते हे खरे, पण ज्या वाफेला कढईतला दोष म्हणतात, तीच तिथे पहिल्या अर्ध्या तासाची गरज ठरते.

नानकटाईचे उदाहरण घ्या. पूर्वी दिवाळीत घरोघरी तूप, साखर आणि मैदा घेऊन बायका गल्लीतल्या बेकरीत जात आणि पत्र्याच्या डब्यातून नानकटाई भाजून आणत. घरात ओव्हन नव्हता म्हणून बिस्किटे अडली नाहीत. आज तीच नानकटाई बिडाच्या कढईत करायची तर तळाशी लोखंडी रिंग ठेवावी, झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटे रिकामी कढई तापवावी आणि मगच ताटली आत सोडावी. वाळूचा किंवा मिठाचा थर उष्णता धरून ठेवतो, पण खरे काम बूड आणि ताटली यांमधली हवा करते. झाकण घुमटाकार असावे, म्हणजे पाणी कडेने ओघळते. सपाट झाकणाचे थेंब थेट बिस्किटांवर पडतात. पीठ पसरून स्थिरावले की झाकण बोटभर सरकवून वाफ जाऊ द्यावी. आता खूण: वर तडा गेला, तळ बदामी झाला, तुपाचा वास बदलला की उतरवावी, हाताला मऊ लागली तरी. नानकटाई निवल्यावर खुसखुशीत होते. ती कडक होण्याची वाट पाहत बसणाऱ्याच्या पदरी करपलेले तळ पडतात. ही खूण ओव्हनवाल्यालाही तितकीच उपयोगी आहे, कारण घरगुती ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतले तापमान यांत बऱ्याचदा चांगलेच अंतर असते.

यावर म्हणतील की खुणांवर चालणारी कृती दर वेळी सारखी उतरत नाही. विकायचा माल असेल तर हे मान्य; बचत गटाने डझनावारी बिस्किटे करायची तर ओव्हन घ्यावाच. घरच्या चार माणसांसाठी मात्र एवढ्या काटेकोरपणाची किंमत परवडणारी आहे का, हेही विचारायला हवे. साधारण घरगुती ओव्हन १२०० ते २००० वॅट खातो. घरातला साधा सहा अँपिअरचा पॉइंट १४०० वॅटलाही पुरा पडत नाही, म्हणजे यंत्राबरोबर वायरिंगचा खर्चही आला. दुसरा आक्षेप धुराचा, आणि तो रास्त आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले, ते उगाच नाही. बंद फ्लॅटमध्ये निखारे फुलवा असे मीही सांगणार नाही. दुसऱ्या शेगडीवर लोखंडी तवा कडकडीत तापवून झाकणावर ठेवला, तरी वरून बरीच आच मिळते. नाहीतर पाव सरळ उलटावा; दोन्ही बाजूंनी तव्यावर भाजलेला पाव तुर्कस्तानात रोज खातात आणि त्याला कुणी कमअस्सल म्हणत नाही.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. इथे मात्र मी टीकाकारांच्या बाजूला आहे. 'कुकरमध्येही करता येईल' हा सल्ला बंद व्हावा. कुकर पाण्याशिवाय तापवू नये, असे बहुतेक कुकरच्या माहितीपुस्तिकेतच असते. शिट्टी आणि रबरी रिंग काढली तरी सेफ्टी व्हॉल्व्ह राहतो, आणि तो जास्त तापला की वितळण्यासाठीच बनवलेला असतो. तास-तासभर कोरड्या आचेने अॅल्युमिनियमही कमकुवत होते. नॉनस्टिक कढईही रिकामी तापवण्याच्या लायकीची नसते. हे काम बिडाचे किंवा जाड लोखंडाचे.

आणि काही पदार्थ कढईत होत नाहीत, तेही सांगून टाकावे. खारीचे पापुद्रे सुटायला चहूबाजूंनी एकदम जोरदार कोरडी उष्णता लागते. सँडविचचा उंच चौकोनी ब्रेडही कढईत नीट चढत नाही. त्यासाठी कोपऱ्यावरची बेकरी आहे, आणि तिची खारी घरच्या ओव्हनमधल्या खारीपेक्षा बहुधा चांगलीच असते.