शिरगणतीची वाट पाहणारे शहर

पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २००१ मध्ये दहा लाखांच्या घरात होती. २०११ च्या जनगणनेत ती सव्वासतरा लाखांवर गेली. त्यानंतर शिरगणती झालीच नाही. इमारती मात्र थांबल्या नाहीत.

वाकड, पुनावळे, ताथवड्यात टोलेजंग संकुलांना परवानग्या मिळत गेल्या आणि पाण्याची मुख्य भिस्त राहिली पवना धरणावर. नोव्हेंबर २०१९ मध्ये शहराला दिवसाआड पाणी सुरू झाले. पाण्याच्या टँकरचा खर्च सोसायट्यांच्या देखभाल शुल्कात चढतो, म्हणजे घरपट्टी भरूनही पाणी विकतच.

याहून बिकट अवस्था डांगे चौकातल्या मजूर अड्ड्यावर दिसते. हातात थापी, पिशवीत डबा घेतलेला गवंडी मराठवाड्याचा असो की बिहारचा, त्याचे रेशनकार्ड बहुधा गावीच असते. ‘एक देश, एक रेशनकार्ड’मुळे त्याच्या वाट्याचे धान्य इथे आणि उरलेले घरच्यांना गावी मिळू शकते. पण इथले कार्ड काढायचे तर खोलीचा भाडेकरारच नसतो, मग पत्त्याचा पुरावा कुठला!

बाहेरून आलेल्यांच्या नावाने बोटे मोडणे सोपे. पण माणसांचा अंदाज देणाऱ्या घरपट्टी, नळजोड, बांधकाम परवाने यांच्या नोंदी महापालिकेच्याच कपाटात आहेत. त्या प्रभागवार जुळवायला २०२७ च्या जनगणनेची गरज नाही. ती जुळणी होईपर्यंत पाण्याची सोय दाखवल्याशिवाय नव्या संकुलाला परवानगी देऊ नये.