प्रमाणपत्राचा खंड आणि रुग्णाचा जीव

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड किंवा बोरिवली यांपैकी कोणत्याही उपनगरात स्थानकापासून वस्तीकडे निघाले की औषधांची दुकाने ओळीने लागतात. प्रत्येक दुकानात परवाना चौकटीत लावलेला असतो व त्यावर नोंदणीकृत फार्मासिस्टचे नाव असते. त्या नावाचा मनुष्य दुकानात हजर असतोच असे मात्र नाही. पदविका घेतलेला तरुण आपले प्रमाणपत्र ठरावीक मासिक रकमेवर दुकानदाराकडे ठेवतो व स्वतः दुसरीकडे नोकरी करतो. गोळ्या काढून देण्याचे काम तुटपुंज्या पगारावरील, औषधशास्त्राचे कोणतेही शिक्षण नसलेला मदतनीस करतो. श्रम न करता केवळ मालकीहक्कावर मिळणाऱ्या उत्पन्नाला अर्थशास्त्रात खंड म्हणतात. कायद्याने रुग्णाच्या रक्षणासाठी निर्माण केलेल्या पदाचे बाजाराने अशा रीतीने खंडाच्या साधनात रूपांतर केले आहे.

कायदा या बाबतीत संदिग्ध नाही. वैद्यकाच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज कोणी देऊ नये, असे १९४८ च्या फार्मसी कायद्याचे ४२ वे कलम सांगते. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील १९४५ च्या नियमांनीही असे औषध फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले पाहिजे, असे बंधन घातले आहे. बिहारमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये फार्मासिस्टशिवाय चालणाऱ्या दुकानांबाबत कठोर भूमिका घेतली व नागरिकांच्या जीविताशी खेळू देता येणार नाही असे बजावले. तेव्हा उणीव कायद्याच्या शब्दांत नाही.

या उणिवेची किंमत कोण मोजतो, हे पाहिले पाहिजे. साकीनाक्याच्या कारखान्यातील कंत्राटी कामगाराला पालिकेच्या रुग्णालयात रांग लावायची तर दिवसाचा रोज बुडतो. म्हणून तो प्रथम औषधाच्या दुकानात जातो. तेथे त्याला प्रतिजैविकाच्या चार गोळ्या सुट्या मिळतात. ताप उतरतो, रोग उतरतोच असे नाही. अर्धवट औषधोपचाराने जंतू औषधाला दाद देईनासे होतात. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचा प्रश्न मुंबईत किती बिकट आहे, हे सर्वज्ञात आहे. याच कारणास्तव २०१३ मध्ये ‘एच-१’ ही अनुसूची काढून ४६ औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे जपण्याचे बंधन घालण्यात आले, तर २०१८ मध्ये क्षयरुग्णांची माहिती शासनाला कळविण्याची जबाबदारी औषधविक्रेत्यांवरही टाकण्यात आली. ही कर्तव्ये भाड्याचे प्रमाणपत्र पार पाडू शकत नाही. २०२५ मध्ये छिंदवाड्याकडील बालके विषारी खोकल्याच्या औषधाने दगावली, तेव्हा त्या औषधाच्या सदोष तुकडीची विक्री थांबविण्याचे आदेश महाराष्ट्रातही निघाले. असा आदेश आल्यावर फडताळातील बाटलीवरील क्रमांक वाचून ती बाजूला काढणारा जाणता मनुष्य दुकानात नसेल, तर तो आदेश कागदावरच राहतो.

दुकानदाराची बाजूही समजून घेणे न्यायाचे होईल. किरकोळ औषधदुकानाला किमान दहा चौरस मीटर जागा लागते आणि उपनगरातील भाडी कोणाला अपरिचित नाहीत. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात कमाल किंमत ठरविताना किरकोळ विक्रेत्यासाठी १६ टक्के धरले आहेत. त्यातूनच गिऱ्हाइकाला सूट देण्याची चढाओढ चालते. सकाळी आठ ते रात्री अकरा असे दुकान आठवडाभर उघडे राहिले तर १०५ तास होतात. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार कामगाराचा आठवडा ४८ तासांचा आहे. म्हणजे दोन फार्मासिस्टही पुरे पडत नाहीत. जागेचे भाडे टाळता येत नाही, माणसाचा पगार टाळता येतो. म्हणून पगार टाळला जातो. जमिनीच्या खंडाने श्रमाचा वाटा गिळावा, हे मुंबईला नवीन नाही.

परंतु ही अडचण बेकायदेशीरपणाचा परवाना ठरू शकत नाही. महेश झगडे हे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना फार्मासिस्टच्या हजेरीचा आग्रह धरला गेला, तेव्हा राज्यातील औषधविक्रेत्यांनी बंदचे हत्यार उपसले. लहान व्यापाऱ्याच्या हिताची भाषा करणाऱ्या संघटनांची दुसरी बाजूही नोंदली पाहिजे. संघटनेच्या ना-हरकत पत्रावाचून नव्या विक्रेत्याला माल मिळू न देण्याची रीत गोव्यातील एका प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने २०१२ मध्ये स्पर्धाविरोधी ठरविली होती.

याहून गंभीर प्रश्न अपिलाचा आहे. परवाना निलंबित वा रद्द झाल्यास दुकानदाराला तीन महिन्यांच्या आत राज्य शासनाकडे अपील करता येते. शासन म्हणजे व्यवहारात मंत्री. निरीक्षकाने दोष शोधावा, अधिकाऱ्याने आदेश काढावा आणि त्याचे भवितव्य राजकीय दालनात ठरावे, या व्यवस्थेत संशयाला जागा राहणारच. जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये भेसळयुक्त ग्लिसरीनने चौदा रुग्ण दगावले. त्यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने प्रशासन, व्यापार आणि राजकारण यांच्या लागेबांध्यांवर कठोर ताशेरे ओढले होते. त्यातून मंत्र्याच्या हातातील अपिलाबद्दल काहीच शिकायचे नाही काय?

आज नव्या दुकानदाराला कायद्याचा सल्ला मिळतो तो बहुधा मध्यस्थाकडून. जागेचा करारनामा, नकाशा, शीतकपाटाची पावती, फार्मासिस्टचे नेमणूकपत्र असा संच जुळविला की काम झाले, असे त्याला शिकविले जाते. कायदा पाळायचा कसा, याऐवजी तपासणीला तोंड द्यायचे कसे, हाच या सल्ल्याचा गाभा असतो. हे काम शासनाने व राज्य फार्मसी परिषदेने स्वतःकडे घेतले पाहिजे. विक्रेत्याची कर्तव्ये व हक्क सांगणारी सुबोध मराठी पुस्तिका आणि प्रत्येक विभागात विनामूल्य सल्ला, एवढी अपेक्षा मोठी नाही. फार्मासिस्टचा पगार बँकेतूनच द्यावा व त्याची नोंद वेळोवेळी तपासावी. त्याच्या हजेरीचे तास दुकानाबाहेर मराठीत लावावेत आणि त्या तासांबाहेर चिठ्ठीवरील औषध देऊ नये. अपिले मंत्र्यांकडून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे सोपवावीत.

प्रमाणपत्र भाड्याने देणाऱ्या तरुणालाही दोष देऊन भागणार नाही. पुरेसा पगार मिळाला तर तो दुकानात उभा राहील. त्याच्या संघटनांनी आणि कामगार चळवळीने हा प्रश्न पगाराचा म्हणून हाती घेतला पाहिजे, कारण त्याच्या पगारातच गिऱ्हाइकाच्या जिवाची हमी आहे.