समुद्र न पाहतां काढलेला समुद्र

गेल्या वर्षीं आमच्या चित्रकलेच्या वर्गांत तैलरंगांस प्रारंभ झाला, आणि पहिला धडा म्हणून टर्नर या इंग्रज चित्रकाराच्या 'धुक्यांतून उगवणारा सूर्य' या समुद्रकिनाऱ्याच्या चित्राची प्रतिकृति करावयास दिली. तेव्हां कांहीं पालकांनीं विचारलें कीं, गणितांत शेजाऱ्याचें उत्तर उतरविलें तर तुम्ही शिक्षा करतां, मग चित्र उतरविणें हें शिक्षण कसें? त्यांतून बारामती-इंदापूरकडील आमच्या बहुतेक मुलांनीं समुद्र पाहिलेलाही नाहीं. प्रश्न रास्त आहे, व त्याचें उत्तर देणें आम्हांस प्राप्त आहे.

उत्तर उतरविणारा रीत टाळीत असतो; चित्र उतरविणाऱ्यास रीतच हुडकून काढावी लागते. एका विद्यार्थ्यानें क्षितिजावर निळी रेघ ओढली, आणि समुद्र भिंतीसारखा उभा राहिला. रेघ ओली असतांच कोरड्या कुंचल्यानें ती पुसट केली, तेव्हां कोठें पाणी दूर गेलें. तैलरंग सावकाश वाळतो हा त्याचा दोष नसून सोय आहे, हें त्या दिवशीं वर्गास कळलें. जवसाचें तेल पाण्यासारखें उडून जात नाहीं. हवेंतील प्राणवायु घेऊन तें घट्ट होतें. म्हणून खालचा थर टर्पेंटाइननें पातळ आणि वरचे अधिक तेलकट ठेवावे लागतात. उलट केल्यास पुढें चित्रास भेगा पडतात. घाईच्या माणसास हें माध्यम सोसत नाहीं. (आम्ही शिकत होतों तेव्हां आम्हांसही सोसलें नव्हतें.)

ही वाट नवी नव्हे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनीं १८७२ ते १८८५ या काळांत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृति तैलरंगांत केल्या. त्यांपैकीं पुष्कळ लंडनमध्यें आगींत जळाल्या. पण करणाऱ्यांचा हात तयार झाला तो जळाला नाहीं. खुद्द टर्नरही तरुणपणीं डॉक्टर मन्रो यांच्या घरीं संध्याकाळीं बसून दुसऱ्यांचीं चित्रें उतरवीत असे. पुढें त्यानें मृत्युपत्रांत लिहून ठेविलें कीं, आपलीं दोन चित्रें क्लोद या जुन्या चित्रकाराच्या चित्रांशेजारीं लावावीं. त्या दोहोंत हें धुक्याचें चित्र होतें.

तथापि पालकांचा प्रश्न एके ठिकाणीं आम्हांस लागू पडला. प्रदर्शनांत त्या मुलाच्या चित्राखालीं आम्हीं केवळ त्याचेंच नांव लिहिलें. पाहुण्यांनीं त्याच्या कल्पनाशक्तीची वाखाणणी केली. मुलगा आमच्याकडे पाहत राहिला, आणि आम्ही गप्प बसलों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं नांवाखालीं 'टर्नरच्या चित्रावरून' अशी चिठी डकविलेली दिसली. अक्षर त्याचें होतें. ती चिठी आमच्या हातची असावयास हवी होती.

हिवाळ्यांत आम्हीं वर्ग भिगवणला उजनी जलाशयाच्या कांठीं नेला. पहाटे धुकें होतें. पलीकडचा तीर दिसेना, आणि पाणी कोठें संपतें तें कळेना. तो मुलगा बराच वेळ पाहून म्हणाला, "सर, इथं रेघच नाही!" त्यानें तेथें काढलेलें चित्र प्रतिकृतीइतकें साधलेलें नाहीं, आणि त्यांतील रोहित पक्षी बदकांसारखे झाले आहेत. यंदा वर्गाच्या दाराशीं आम्हीं तेंच लाविलें आहे.